जांभ्याच्या घराला सिमेंट लावू का?

प्रश्न : दिवेआगरला आजोबांचं जांभ्या दगडाचं कौलारू घर आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. सुट्टीत कुटुंबांना ते भाड्याने द्यायचं मनात आहे. भिंतींच्या तळाशी पोपडे पडतात. ठेकेदार म्हणतो, सगळीकडे सिमेंटचा गिलावा करू, वर पत्रे घालू. करावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, ठेकेदाराला आधी थांबवा. मी किनाऱ्यावरची जुनी घरं दुरुस्त करतो आणि अशा घरांचं सर्वांत जास्त नुकसान सिमेंटनेच झालेलं बघतो.

जांभा पाणी पितो आणि सोडतो. जोत्यातून, म्हणजे घराच्या खालच्या चौथऱ्यातून, ओल वर चढते, तिच्यासोबत मीठ येतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवतं. मग मीठ आतच साठतं, चिरा, म्हणजे भिंतीतला जांभ्याचा दगड, भुसभुशीत होतो आणि गिलाव्याची खपली चिऱ्याची भुकटी घेऊनच खाली येते. पोपडा पडलाय तिथे नखाने उचकटून बघा. वर राखाडी, कडक थर आणि मागे पांढरा लोणा, म्हणजे साठलेल्या मिठाचा थर, निघाला, तर आधी कुणीतरी सिमेंट लावून गेलंय.

तेवढा भाग काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा; पाण्याने धुतलात तर मीठ परत आत जाईल. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा, मगच मुरवलेल्या चुन्याचा गिलावा करा. जोत्याला चिकटून सिमेंटचा कोबा असेल तर तोडा आणि पागोळ्यांचं पाणी लांब काढून द्या.

पत्रे तर नकोच. एप्रिल-मेच्या दुपारी, म्हणजे ऐन हंगामात, पाहुण्यांना माजघरात बसवणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्याच भागात पत्रेही उडाले आणि कौलंही. पण कौलं एकेक करून बदलता येतात. वाळवी लागलेले वासे-रिपा मात्र आत्ताच बदला.

वाचलेले पैसे न्हाणीघर-संडासावर घाला, तिथे काटकसर नको. ओटी आणि झोपाळा आहे तसाच राहू दे, लोक त्यासाठीच येतात.

आणखी एक. किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांना 'होम स्टे'ची मुभा आहे, पण जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. त्यामुळे काही वाढवण्याआधी घर किनारपट्टी नियमनाच्या कोणत्या झोनमध्ये येतं ते विचारून घ्या. आणि परसात विहीर असेल तर पहिला पाहुणा येण्याआधी तिच्यावर लोखंडी जाळी बसवा, लहान मुलं येणार आहेत.