वाचकांचे प्रश्न : सीमाभागातील वर्गात मराठी शिकवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे निवडली आहेत. तिन्ही बेळगाव जिल्ह्यातील आहेत आणि जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील प्रश्न मलाही अनेक वर्षे छळत होता.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना मराठी शिकवतो. वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. काही घरांत आई कन्नड आणि वडील मराठी आहेत. ही मुले ‘मी भाकरी खाल्लो’, ‘ती पत्र लिहिली’, ‘ते खुर्ची मोडलं’ अशी वाक्ये लिहितात. दहा वेळा दुरुस्त करून दिली तरी पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते. मुलांचे लक्ष नाही, की माझी पद्धत चुकते आहे?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : आपण पाठवलेली तिन्ही वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला त्यांत निष्काळजीपणा कुठेच दिसला नाही. ती लिहिणाऱ्या मुलांनी नियम अगदी काटेकोरपणे पाळले आहेत, मात्र ते नियम कन्नडचे आहेत. कन्नडमध्ये ‘नानु रोट्टि तिंदे’, ‘अवळु रोट्टि तिंदळु’ असे म्हणतात. तेथे क्रियापद कोणी खाल्ले याकडे पाहून बदलते, काय खाल्ले याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियापद बहुधा कर्माकडे पाहते : मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळे खाल्ले, मी चिंचा खाल्ल्या. ‘तो’चे ‘त्याने’ आणि ‘ती’चे ‘तिने’ होते, हा आणखी एक बदल. मुलाला एका दमात या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या असतात, आणि आपण लाल शाईने फक्त शेवटचे अक्षर बदलून देतो. ते अक्षर का बदलले हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून चूक परत येते.

येथे मराठीही मुलांना थोडे फसवते. ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘ती दप्तर विसरली’ ही वाक्ये बिनचूक आहेत, कारण पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही कर्त्याप्रमाणेच चालतात. ‘प्यालो’ बरोबर असेल तर ‘खाल्लो’ चूक कसे, असे एका सहावीतल्या मुलाने मला विचारले होते, तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. आज मी त्या प्रश्नाला व्याकरणाच्या तासाची उत्तम सुरुवात मानते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या भागात ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलली जाते, त्या मुलांच्या तोंडीही ‘मी काम केलो’ सहज येते. त्यामुळे हा तास कन्नड घरांतील मुलांना वेगळे बसवून घेऊ नये, तो सगळ्या वर्गाचा असावा.

मी हा तास कसा घेते ते सांगते. फळ्याचे दोन भाग करते. डावीकडे मुलांनी सांगितलेली कन्नड वाक्ये देवनागरीत लिहिते, उजवीकडे मराठी. कन्नड चांगली येणाऱ्या मुलांना त्या दिवशी शिक्षकाची जागा मिळते, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले पुढे येऊन बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. मग टोपलीत आंबा, पेरू, भाकरी, केळे, चिंचा यांची चित्रे ठेवते. एक जण चित्र उचलतो आणि ‘मी … खाल्ला / खाल्ली / खाल्ले / खाल्ल्या’ म्हणतो, दुसरा तेच ‘त्याने’ किंवा ‘तिने’ घालून म्हणतो. खाणारा बदलला तरी शेवटचे अक्षर तसेच राहते आणि चित्र बदलले की तेही बदलते, हे चार-पाच फेऱ्यांनंतर कोणीतरी मोठ्याने सांगतेच. तो नियम मी मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिते. आठवडाभर रोज दहा मिनिटे हा खेळ चालू ठेवावा, एका तासात तो अंगवळणी पडत नाही.

‘ते खुर्ची’चे मूळ वेगळे आहे. कन्नडमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग माणसांपुरते आणि देवदेवतांपुरते असते, वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. म्हणून त्या मुलाच्या मनात खुर्ची, फळा आणि पुस्तक ही तिन्ही एकाच रांगेत उभी असतात. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. वर्गात कोणतेही नाम एकटे उच्चारायचे नाही. ‘दगड’ म्हणायचे नाही, ‘तो दगड’ म्हणायचे. ‘ती वीट’, ‘ते घर’. तीन रंगांच्या खडूंनी तीन याद्या भिंतीवरच्या कागदावर वाढवत न्याव्यात. आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी (फळा, आंबा) आणि ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी (भाकरी, खुर्ची) असतात एवढा आधार जरूर द्यावा, पण त्याबरोबर पाणी, लोणी आणि हत्ती हे शब्दही लगेच दाखवावेत, नाहीतर मुले ‘ती पाणी’ लिहू लागतात. अकारान्त शब्दांना असा आधार नाही, ते कानानेच शिकावे लागतात.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांबद्दल आपण लिहिले नाही, तरीही सांगते. कन्नडमध्ये दोन्हींसाठी ‘नावु’ हा एकच शब्द आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी म्हणाली होती, “बाई, आम्ही उद्या किल्ला बघायला जाऊया.” मला वाटले, तिला मला न्यायचे नाही. खरे तर ती मला बोलावत होती. हीच गोष्ट अंकांची. कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी येतात, म्हणून ऐकून लिहिताना मुले ५२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात बराच वाद झाला. मी त्या वादात शिरत नाही, पण आमच्या भागातील मुलांसाठी ‘वीस पाच म्हणजे पंचवीस’ ही पायरी उपयोगी पडते, एवढे अनुभवाने सांगू शकते.

शेवटी आपल्या पद्धतीविषयी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक चूक लाल शाईने खोडत असे. एका मुलीची निबंधाची वही मी इतकी लाल केली की पुढच्या निबंधात तिने चारच ओळी लिहिल्या, आणि त्या चारही ओळी पाठ्यपुस्तकातून उतरवलेल्या होत्या. त्या ओळींत चूक नव्हती, पण ती मुलगीही त्यांत नव्हती. तेव्हापासून मी एका निबंधात एकाच प्रकारची चूक दाखवते आणि कोणत्या प्रकारची हे निबंध लिहिण्यापूर्वीच वर्गाला सांगते. बाकीच्या चुका माझ्या टिपणवहीत जातात आणि पुढचे तास कशावर घ्यायचे ते मला त्या वहीतून कळते.

प्रश्न : आम्ही बेळगाव शहरात राहतो, घरी मराठी बोलतो. मुलगा नऊ वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. तेथे तो कन्नड लिहायला-वाचायला शिकतो, मराठी शिकवत नाहीत. मी घरी मराठी वाचायला शिकवू लागले, तर नातेवाईक म्हणतात, तीन लिप्यांनी मुलाचा गोंधळ होईल. काय करावे?
— एक आई, बेळगाव

उत्तर : ताई, आपण सुरुवात केली आहे, ती थांबवू नका. कन्नड लिपी येणाऱ्या मुलाला देवनागरी निम्मीअधिक आलेलीच असते. दोन्ही लिप्या ब्राह्मीपासून आल्या आहेत, वर्णमालेचा क्रम तोच आहे, आणि शाळेत तो ज्याला ‘कागुणित’ म्हणतो तीच आपली बाराखडी. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी भिंतीवर लावा. ‘ळ’सुद्धा त्याच्या ओळखीचा आहे.

गोंधळ होतो तो ठरावीक जागी, आणि त्या जागा आधी माहीत असल्या की घाबरण्यासारखे काही उरत नाही. कन्नडमध्ये अनुस्वाराचे वर्तुळ अक्षराच्या पुढे येते, मराठीत टिंब डोक्यावर. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली लिहितात, आपण बहुधा पहिले अर्धे करून दुसऱ्याला शेजारी जोडतो. ‘कर्नाटक’मधील रफार कन्नडमध्ये ‘न’च्या पुढे लिहितात, मराठीत ‘ना’च्या डोक्यावर. आणि मराठीत ‘चार’ व ‘चाक’ यांतील च वेगवेगळे आहेत, हे लिपीत कुठेच दिसत नाही. तो ‘चाक’ हा शब्द ‘चार’सारखा वाचेल. तेव्हा केवळ आपण योग्य उच्चार करून वाचून दाखवा, टोकू नका.

रोज पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांच्या गोष्टी विनामूल्य मिळतात आणि अनेक गोष्टी कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. आधी कन्नडमध्ये वाचलेली गोष्ट तो मराठीत वाचू लागला की पुढचे वाक्य त्याला अंदाजाने सापडते, आणि नवशिक्या वाचकाला हाच मोठा धीर असतो. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. मुलाला तेथे घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, ते आपल्याला सामान्य वाटले तरीही. घरी आजोबा असतील तर सकाळच्या ‘तरुण भारत’चे मथळे त्यांना वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे सोपवा.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझी पहिली भाषा मराठी आहे. निबंधाचे मुद्दे चांगले असतात, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांमुळे गुण जातात. घरी आम्ही ‘काय करालास’ असे बोलतो, त्यामुळे असे होते का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी तालुका

उत्तर : नाही बाळ, घरच्या बोलीचा यात काही दोष नाही. ‘काय करालास’ ही आपल्या भागाची मराठी आहे, ती घरी खुशाल बोल. परीक्षेत ‘काय करत आहेस’ लिहायचे, एवढाच फरक लक्षात ठेव. संवादलेखनात पात्र बेळगावकडचे असेल, तर अवतरणचिन्हांत बोली वापरता येते का, हे तुझ्या शिक्षकांना विचारून घे.

ऱ्हस्व-दीर्घ मराठीत पुष्कळदा उच्चारावरून ओळखता येत नाही, शब्दातील जागेवरून ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे आहेत आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. पण परीक्षेपूर्वी अठरा नियम पाठ करत बसू नकोस, तीन पुरेत. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ : कवी, पाटी, गुरू. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ : गरीब, फूल, वीट. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : गरिबाला, फुलाला, विटेला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तिसऱ्या नियमातून सुटतात, म्हणून शरीर–शरीराला आणि गीत–गीताला.

आता तुझे मागचे तीन निबंध घे आणि चुकलेले शब्द या तीन नियमांखाली वाटून लिही. जे शब्द कुठेच बसत नाहीत त्यांची वेगळी यादी कर आणि ‘बृहद्कोश’ या शब्दकोशांच्या संकेतस्थळावर ते पाहा. ती यादी मला पाठवलीस, तर पुढच्या अंकात तिच्यावर लिहीन.