लहान मुलांच्या चर्च क्वायरचा सराव कंटाळवाणा होऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आठ ते बारा वर्षांची वीसेक मुलं आहेत, रविवारी उपासना संपल्यावर सराव असतो आणि दहा मिनिटांत ढकलाढकली सुरू होते. मी कोल्हापुरात आमच्या मंडळीतल्या मुलांना अकरा वर्षं गाणं शिकवतेय. मुलं गाण्याला कंटाळलेली मी क्वचितच पाहिली. आपण बोलत राहतो आणि ती नुसती बसून राहतात, तिथं बिनसतं. म्हणून हजेरी, झेरॉक्स वाटणं, पेटी मांडणं हे मुलं यायच्या आत उरका.

मी बुलेटपासून सुरुवात करते. ओठ सैल मिटून 'ब्रर्रर्र' करत गाडी पन्हाळ्याच्या घाटात चढवायची आणि हळूहळू खाली आणायची. श्वास आणि गळा दोन्ही मोकळे होतात, आणि उशिरा येणारी मुलंसुद्धा आवाज ऐकून पळत येतात.

नवं गीत शिकवताना लगेच कागद देऊ नका. धृपद आधी घ्या. ते तुम्ही तीनदा गा, पण दर वेळी मुलांच्या कानाला काम द्या. आधी एखादा शब्द किती वेळा येतो ते मोजायचं, मग सूर सगळ्यात वर जातो तिथं हात उचलायचा, मग ताई श्वास कुठं घेतात ते पकडायचं. एवढं ऐकल्यावर बहुतेकांना ओळी येतात. शब्दांचा अर्थ मात्र विचाराच. 'तारण' म्हणजे काय असं मी विचारलं, तर एका मुलीनं सोनेतारण कर्जाची पाटी सांगितली. तिनं रोज पाहिलेला अर्थ तोच होता. त्या दिवशी आम्ही बुडणाऱ्याला वाचवण्याबद्दल बोललो, आणि ती ओळ मुलांनी वेगळीच गायली.

प्रत्येक सुराला एक, अशा हाताच्या खुणा जरूर वापरा. इंग्लंडमधले पाळक जॉन कर्वेन यांच्यावर १८४१ मध्ये रविवार शाळांच्या परिषदेनं मुलांना गाणं शिकवायची सोपी रीत शोधायचं काम सोपवलं होतं. या खुणा पुढं त्यांच्याच पद्धतीतून आल्या. आपल्या शुद्ध सारेगमवर त्या सरळ बसतात. सा म्हणजे मूठ, ग म्हणजे आडवा सपाट तळवा, प म्हणजे आपल्याकडं वळवलेला तळवा. पहिला महिनाभर हे तीनच पुरेत. तुम्ही न बोलता हात दाखवायचा, मुलांनी तो सूर लावायचा. मग हात दाखवायची पाळी एखाद्या मुलाला द्यायची.

पट्टी मोठ्यांच्या सोयीची ठेवू नका. साधारण पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (म्हणजे C) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (म्हणजे D) गीत बसवलं की या वयाच्या गळ्यांना झेपतं. 'मोठ्यानं म्हणा' हे तर सांगूच नका. पहिल्या नाताळाला मी तेच सांगत राहिले आणि ऐन उपासनेत निम्मे गळे बसले होते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आमच्याकडं एक नऊ वर्षांचा मुलगा होता, सूर खाली लागायचा. कुणी मोठ्या माणसानं त्याला सांगितलं, 'तू नुसते ओठ हलव.' तो दोन रविवार आलाच नाही. मी घरी जाऊन त्याला परत आणलं आणि सरावात उलटं केलं: त्याला एक सूर धरायला सांगितला, पेटीवर तो शोधला आणि सगळ्यांना त्याच सुरात यायला लावलं. मग तिथून अर्धा-अर्धा सूर वर सरकलो. सहाएक आठवड्यांत तो बाकीच्यांच्या सुरात येऊ लागला. ज्याला सूर सापडत नाही त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याशी जुळल्याचा अनुभव एकदा तरी मिळायला हवा, आणि तो देणं आपलं काम आहे.

सराव चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. मधे एकदा उठवून केरव्याच्या आठ मात्रा पावलांनी चालायला लावा. अभंग-ओवीच्या चालीची गीतं यानं पटकन बसतात. आणि शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल त्या रविवारी मी सराव शनिवारी सकाळी घेते. तुमच्या गावातही मुलांचं मन कुठं ओढलं जातं ते बघून वेळ ठरवा.