एकाच वेळी हजारो वापरकर्ते जोडलेले राहणार असतील, तर वेबसाइटसाठी नोड, गो आणि एलिक्सिर यांपैकी काय निवडावे?

मी सांगलीत राहतो आणि आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी दाखवणारी एक छोटी वेबसाइट सांभाळतो. पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडे सरकू लागली की एरवी ओस पडलेल्या या साइटला हजारो फोन एकदम जोडले जातात, आणि त्यांतील बहुतेक जण पुढचा आकडा येण्याची केवळ वाट पाहत असतात.

पहिली आवृत्ती मी नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट भाषा चालवणाऱ्या प्रणालीत, लिहिली होती. तेथे आपली जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच ओळीत, चालते. डेटाबेसचे उत्तर येईपर्यंत ती अडून बसत नाही, दुसऱ्याचे काम हाती घेते, म्हणून नुसती वाट पाहणारी हजारो कनेक्शन ती सहज पेलते. परंतु जुन्या नोंदींचे आलेख काढण्याचे गणित मी त्याच प्रोसेसमध्ये घातले आणि ते संपेपर्यंत सर्वांच्याच फोनवरचा आकडा गोठून राहिला. घरातले सामान माळ्यावर चढवायचे की नाही, हे लोक त्या आकड्यावरून ठरवतात; ती चूक मला फार लागली. असे काम वर्कर थ्रेडकडे, म्हणजे बाजूला चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडकडे, देता येते, मात्र ते ओळखून वेगळे काढणे आपल्याकडेच राहते.

गो भाषेत गोरुटीन, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे हलके काम, जेमतेम २ केबीच्या स्टॅकवर (कामापुरत्या मेमरीवर) सुरू होते, रनटाइम (प्रोग्रामसोबत चालणारी भाषेची यंत्रणा) अशा हजारो गोरुटीन सर्व कोअरवर वाटून देतो आणि कोडही सरळ वाचता येतो. धोका सामायिक मेमरीचा आहे: दोन गोरुटीन एकाच मॅपमध्ये (नोंदींच्या तक्त्यात) लॉक न लावता लिहू लागल्या, तर संपूर्ण प्रोग्राम कोसळू शकतो, म्हणून चाचण्या अशा टकरी शोधणारा रेस डिटेक्टर लावूनच चालवाव्यात.

एलिक्सिर ज्या अर्लँग भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर (प्रोग्राम चालवणाऱ्या थरावर) चालते, त्या अर्लँगचा जन्म १९८० च्या दशकात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या गरजेतून झाला, आणि एका ग्राहकाच्या बिघाडाने दुसऱ्याचा कॉल तुटू नये हा आग्रह तिच्या रचनेत मुरलेला आहे. येथील प्रत्येक हलक्या प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते, पाळ्या वाटणारा शेड्यूलर कोणालाच फार वेळ अडवून बसू देत नाही आणि कोलमडलेली प्रोसेस तिच्यावर देखरेख करणारा सुपरवायझर पुन्हा उभी करतो. जड गणितात गो सरस ठरते, म्हणून माझे आलेख आता गोमध्ये आहेत आणि थेट पातळी एलिक्सिरमध्ये.

आपल्याला जावा आधीच येत असेल, तर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ पासून तिच्यात व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे गोरुटीनसारखे हलके थ्रेड, आहेत. नवी भाषा शिकायला घेण्यापूर्वी त्यांवर आपला भार एकदा अवश्य तपासून पाहावा.