वाचन सातवीचे, गणित चौथीचे : पुस्तके कोणत्या इयत्तेची घ्यावीत?

प्रश्न : आमचा मुलगा साडेअकरा वर्षांचा आहे. चौथीपर्यंत तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होता. यजमानांची नोकरी फिरतीची झाली आणि शाळेतही त्याचे मन रमेनासे झाले, म्हणून गेल्या वर्षापासून मी त्याला घरीच मराठीतून शिकवते. वाचनाची त्याला विलक्षण गोडी आहे. सातवीचा इतिहास त्याने स्वतःहून वाचून काढला आणि दौलताबादचा खंदक व अंधारी मार्ग कशासाठी होते, हे तो मलाच समजावून सांगतो. मात्र भागाकार आणि अपूर्णांक आले की त्याचे गाडे अडते आणि चार ओळी लिहायला सांगितल्या की प्रत्येक ओळीत चुका होतात. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी तयार संच विकणाऱ्या एका कंपनीची चाचणी त्याला दिली. तिच्यात गणिताची पातळी चौथीची आणि भाषेची सातवीची निघाली, परंतु त्यांचा संच एकाच इयत्तेचा मिळतो. मधला मार्ग म्हणून सहावीचा संच घ्यावा का? चौथीचे गणित पुढे ठेवले की तो रुसून बसतो, कारण त्याची धाकटी बहीण चौथीत आहे. सासरे म्हणतात की मुलाचे वर्ष वाया जात आहे. पुढे दहावीचे काय करायचे, हीही चिंता आहे.
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, सहावीचा संच घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सुचवेन. चौथी आणि सातवी यांची सरासरी काढून जी इयत्ता हाती येते, ती आपल्या मुलाच्या कोणत्याच विषयाची इयत्ता नसते. त्या संचातील भाषा त्याला कंटाळवाणी होईल आणि गणित आजच्याइतकेच अडेल. शाळेला एका वर्गात चाळीस मुले बसवायची असतात, म्हणून तिला एक इयत्ता ठरवावी लागते. आपल्यावर ते बंधन नाही. घरी शिकवण्याचा हाच तर मोठा लाभ आहे आणि एकाच इयत्तेचा संच विकत घेऊन आपण तो पैसे देऊन घालवाल. प्रत्येक विषयाची पातळी स्वतंत्रपणे ठरवा, आणि गणितात तर विषयाचीही नव्हे, एकेका घटकाची पातळी ठरवा.

आधी भाषेविषयी. ‘सातवीची भाषा’ हा कंपनीचा निष्कर्ष अपुरा वाटतो, कारण त्या चाचणीने बहुधा केवळ वाचून योग्य पर्याय निवडण्याची परीक्षा घेतली असावी. वाचणे, वाचलेले सांगणे आणि लिहिणे या तीन वेगळ्या क्षमता आहेत आणि आपल्या पत्रावरून त्यांतील पहिल्या दोन पुढे व तिसरी बरीच मागे दिसते. म्हणून वाचनाला इयत्तेची मर्यादा घालूच नये. सातवीची, आठवीची, त्याला रुचतील ती पुस्तके तो वाचू दे. फक्त एक पथ्य पाळावे : प्रकरण संपले की पुस्तक मिटून ‘असे का घडले?’ हा प्रश्न विचारावा. घडलेला क्रम अनेक मुले सांगतात. कारण सांगता आले तरच ते वाचन त्या पातळीचे झाले, असे धरावे.

लेखनाचे काम मात्र तिसरी-चौथीच्या पातळीवर, पण त्याच्या वयाच्या विषयावर चालवावे. हे कसे साधायचे, तर दौलताबादविषयी त्याला बोलू द्या आणि त्याच्या तोंडचीच पाच वाक्ये आपण स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. पहिल्या दिवशी त्याने ती वाचावीत व पाहून उतरवावीत, दुसऱ्या दिवशी त्यांतील दोन-तीन वाक्यांचे श्रुतलेखन घ्यावे. चुका सरसकट लाल करू नयेत. एका आठवड्यात फक्त जोडाक्षरे पाहावीत, पुढच्या आठवड्यात फक्त वेलांट्या व उकार. बाकीच्या चुका तोवर तशाच राहू द्याव्यात. हात मागे आहे म्हणून विचारही मागचाच द्यायचा, ही चूक शाळांतून सर्रास होते. ज्याला खंदकाचे प्रयोजन कळते, त्याच्याकडून ‘माझी गाय’ हा निबंध लिहून घेतला, तर तो लिहिण्याचाच तिरस्कार करू लागेल.

आता गणित. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण ‘गणित चौथीचे’ या शब्दांतून आपल्या हाती उपयोगी असे काहीच येत नाही. कागदावर त्याला एक उदाहरण द्या : ६१२ भागिले ६. उत्तर १२ आले, तर तो भागाकार विसरलेला नाही. दशकाच्या जागी भाग जात नसतानाही उत्तरातील ती जागा शून्य लिहून धरून ठेवावी लागते, एवढेच त्याला ठाऊक नाही. मग शंभराच्या सहा नोटा, दहाची एक नोट आणि एक रुपयाची दोन नाणी घेऊन बसा (कागदाच्या खोट्या नोटाही चालतील) आणि ती रक्कम सहा जणांत वाटायला सांगा. प्रत्येकाला शंभराची एक नोट मिळेल. दहाची एकच नोट सहा जणांत वाटता येणार नाही, म्हणून ती मोडून दहा नाणी घ्यावी लागतील. मूळची दोन धरून बारा नाणी होतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन येतील. आता प्रत्येकाकडील रक्कम त्याने मोजावी आणि आपल्या १२ या उत्तराशी ताडून पाहावी. हे काम दोन-चार दिवस निरनिराळ्या रकमा घेऊन केले, तर चौथीच्या पुस्तकातील भागाकाराचा सबंध पाठ पुन्हा गिरवण्याची गरज कदाचित उरणारही नाही.

याच्या जोडीला एक तोंडी उदाहरणही द्यावे. समजा, मोंढ्यात सोयाबीनचा भाव ४,२०० रुपये क्विंटल आहे, तर ३५ किलोचे किती रुपये होतील? क्विंटल म्हणजे १०० किलो, म्हणून किलोला ४२ रुपये आणि ३५ किलोचे १,४७० रुपये, अशा वाटेने तो कागदाविना गेला किंवा निदान त्या वाटेला लागला, तर त्याची गणिती समज वयाला साजेशी आहे आणि अडचण केवळ लेखी रीतीची आहे, असे समजावे. तो तोंडीही गोंधळला, तर पायाच कच्चा आहे; मग नोटा, मोजपट्टी, तराजू अशा वस्तूंचे काम अधिक काळ चालू ठेवावे लागेल. लेखी चाचणीच्या गुणांत या दोन्ही मुलांना सारखेच गुण पडतात, पण त्यांचा अभ्यास मुळीच सारखा असू नये.

आपल्या पत्रातील एका बारीकशा उल्लेखाकडे माझे पुनःपुन्हा लक्ष जाते. मुलगा चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात होता आणि आपण आता मराठीतून शिकवता. अशा मुलाला ‘सिक्स्टी नाइन’ पटकन कळते, पण ‘एकोणसत्तर’ ऐकले की तो क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात हातचा निसटतो. अपूर्णांकात अंश कोणता आणि छेद कोणता, हे आठवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून दहा उदाहरणे मराठीतून आणि त्याच धर्तीची दहा इंग्रजीतून देऊन पाहावीत. इंग्रजीत त्याची कामगिरी स्पष्टपणे सरस ठरली, तर तूर्त गणित इंग्रजीतूनच चालू ठेवण्यास काहीही हरकत नाही. बालभारतीची गणिताची पुस्तके मराठीप्रमाणे इंग्रजीतही मिळतात, दोन्हींतील पाठ तेच असतात, आणि ती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मराठी संख्यानामांचा सराव रोज पाच मिनिटे वेगळा घ्यावा. त्याची गल्लत गणिताशी करू नये.

अपूर्णांकांची तपासणीही अशीच बारकाईने करावी. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारल्यावर ‘चारवाला मोठा’ असे उत्तर आले, तर बेरीज-वजाबाकी शिकवण्यात अर्थ नाही. आधी कागदाच्या पट्ट्या घड्या घालून कापाव्यात आणि तुलना डोळ्यांनी करू द्यावी. तुलना बरोबर जमली, पण दोघांची बेरीज त्याने अंशात अंश व छेदात छेद मिळवून दोन सप्तमांश अशी केली, तर पाचवीच्या पुस्तकातील अपूर्णांकांचा पाठ हे त्याचे नेमके ठिकाण आहे. तेवढाच पाठ घ्यावा. त्याच वेळी सहावीच्या पुस्तकातील भूमितीचे मूलभूत संबोध, कोन, रचना, स्तंभालेख हे भाग वयानुसार पुढे चालू ठेवावेत, कारण त्यांचे भागाकारावाचून फारसे अडत नाही. गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज यांना मात्र हात लावण्याची घाई करू नये. ते सर्व अपूर्णांक व भागाकार यांवर उभे आहेत. पुस्तकांच्या आवृत्त्या बदलत असतात, तेव्हा हाती असलेल्या आवृत्तीची अनुक्रमणिका पाहूनच पाठ निवडावेत.

रुसण्याचा प्रश्न आपण ओझरता लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने तो दुय्यम नाही. धाकट्या बहिणीचे पुस्तक पुढ्यात येणे हा अकरा वर्षांच्या मुलाला अपमान वाटतो आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. हवे ते पाठ छापून घ्या, चौथी-पाचवी-सहावीचे पाठ एकाच फाइलमध्ये लावा आणि तिच्यावर फक्त ‘गणित’ असे लिहा. चित्रे लहान मुलांची असतील, तर उदाहरणे वहीत उतरवून द्या. दोघांना एकाच वेळी गणिताला बसवू नका, आणि ‘तिला येते, तुला येत नाही’ हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघणार नाही, याची काळजी घ्या. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

वेळेचे म्हणाल, तर कच्च्या घटकाला रोज वीस ते पंचवीस मिनिटे पुरेत, आणि ती सकाळच्या ताज्या वेळेत असावीत. शिकवलेला घटक जमला की नाही, हे त्याच दिवशी ठरवू नये. आठवड्याने, कोणतीही उजळणी न घेता, त्या प्रकारची पाच उदाहरणे द्यावीत. चार बरोबर आली आणि ‘हे असेच का केले?’ याचे उत्तर त्याला देता आले, तर पुढे सरकावे. चार बरोबर असूनही कारण सांगता येत नसेल, तर आणखी काही दिवस तेथेच थांबावे.

सासऱ्यांची काळजी मायेपोटी आहे आणि तिला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. त्यांना सांगावे की इयत्तेऐवजी पातळीनुसार शिकवणे हा काही घरगुती प्रयोग नाही. ‘प्रथम’ ही संस्था तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांना प्रत्यक्ष काय येते त्यानुसार करते, आणि हीच पद्धत अनेक राज्यांतील सरकारी शाळांतही वापरली गेली आहे. ‘असर’ या, ग्रामीण मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची चाचणीही संकेतस्थळावर मिळते. तिच्यातील वाचनाची सर्वांत वरची पायरी दुसरीच्या गोष्टीची असल्याने आपल्या मुलाच्या वाचनासाठी तिचा उपयोग नाही, पण हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, ही तिच्यातील उदाहरणे अवश्य देऊन पाहावीत. आपल्या मराठवाड्यात ‘लातूर पॅटर्न’च्या धाकाने पाचवीपासूनच शिकवण्या लावण्याची रीत पडली आहे. सहावीत शेकडेवारी चार महिने उशिरा आली, म्हणून कोणाचे वर्ष वाया जात नाही. अपूर्णांक न कळता आठवीत गेलेल्या मुलाचे मात्र पुढचे प्रत्येक वर्ष जड जाते.

दहावीविषयी थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत, आणि तिच्या माध्यमिक म्हणजे दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही पाचवी व आठवीच्या परीक्षा घेते, आणि राज्य मंडळाच्या दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही आणि कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटलेले आहे, हे लक्षात ठेवून शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि त्याच्या तारीख घातलेल्या वह्या जपून ठेवाव्यात. उद्या शाळेत परत घालावेसे वाटले, तर त्याच कायद्याचे कलम ४ वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण, या दोन्हींचा हक्क देते. घरी त्याच्या हातात चौथीचा पाठ होता, म्हणून त्याला चौथीत बसवले जाणार नाही.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नये. एवढे उत्तम वाचणाऱ्या आणि बोलणाऱ्या मुलाचे लेखन व आकडेमोड इतकी मागे असणे हे सरावाच्या अभावाने होऊ शकते, माध्यम बदलल्यानेही होऊ शकते. पण त्यामागे विशिष्ट अध्ययन अक्षमताही, म्हणजे समज चांगली असूनही लेखन, वाचन किंवा आकडेमोड यांत सतत येणारी अडचण, असू शकते. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. वर सांगितलेले काम तीन-चार महिने नेमाने करूनही तेच अक्षर तशाच प्रकारे चुकत राहिले, पाहून उतरवतानाही शब्द गळत राहिले किंवा लहान संख्यांची तुलनाही डळमळीत राहिली, तर परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग किंवा मानसोपचार विभागाकडे चौकशी करून रीतसर मूल्यमापन करून घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. त्या प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या वर्षापर्यंत थांबू नये. तपासणीला जाताना त्याच्या दोन वह्या बरोबर न्याव्यात : एक त्याने स्वतः लिहिलेली आणि दुसरी, त्याच्या तोंडची वाक्ये आपण लिहून घेतलेली.