वाचकांचे प्रश्न : नाताळच्या पाकिटापुढचे काम

प्रश्न : आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. दर नाताळात महिला मंडळ आणि तरुण संघ मिळून शेजारच्या वस्तीतील गरीब कुटुंबांना धान्याची पाकिटे वाटतात. या कुटुंबांना हक्काचे रेशन मिळवून देण्यासाठी स्वयंसेवकांचा गट उभा करावा, असे पाळकसाहेबांनी सुचवले आणि चौदा जणांनी नावेही दिली. सुरुवात कोठून करावी? आम्ही कचेरीत गेलो तर त्याला राजकारण म्हटले जाईल, अशी भीती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या काही पंचांना वाटते.
— महिला मंडळाची एक कार्यकर्ती

उत्तर : पाळकसाहेबांची सूचना योग्य आहे, हे साध्या हिशेबानेही दिसते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य (यादीतील गरीब) कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो आणि अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबास एकत्रित 35 किलो धान्य देय असून जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. एखाद्या प्राधान्य कुटुंबातील दोन लेकरांची नावे शिधापत्रिकेवर चढलेली नसतील, तर त्या घराचे वर्षाला 120 किलो धान्य बुडते. ही तूट तुमच्या पाकिटाने भरून निघणारी नाही.

पहिला महिना कोणत्याही कचेरीची पायरी चढू नका. दोघादोघांच्या सात जोड्या करा, प्रत्येक जोडीकडे सहा-सातच घरे द्या आणि ओसरीवर निवांत बसून एक वही भरा : शिधापत्रिकेचा रंग, तिच्यावरील नावे, घरात प्रत्यक्ष राहणारी माणसे, दुकानातील यंत्रावर अंगठा उमटतो की नाही, मागच्या महिन्यात किती धान्य हाती पडले. जोडीत एक तरी स्त्री असावी. कायद्यानेच शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत वडील सज्ञान स्त्री धरली जाते, आणि डब्यात किती उरले हेही बहुधा तिलाच ठाऊक असते. आधार कार्डांचे फोटो मात्र गटाच्या व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. उत्साहाच्या भरात हे हमखास होते.

वही भरली की दोन प्रकारच्या अडचणी वेगळ्या दिसू लागतील. नाव वाढवणे, सून किंवा बाळाची नोंद, झिजलेल्या बोटांमुळे न उमटणारा अंगठा, ही कामे एकेका अर्जाने सुटतात. अर्ज त्या कुटुंबानेच द्यावा, बोलावेही त्यांनीच. स्वयंसेवकाने शेजारी उभे राहावे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये. ‘ठेवून जा, बघतो’ या उत्तरावर परतलेला अर्ज आणि न दिलेला अर्ज यांत फरक उरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद कार्यालयातील फलकावर लावणे बंधनकारक आहे. ती मुदत टळली की अपील करता येते, पण हातात पोच असेल तरच.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. कुटुंब गरीब असते, कागद पुरे असतात, तरी ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या भरली, असे उत्तर मिळते. लाभार्थ्यांची संख्या आजही 2011 च्या जनगणनेवर बेतलेली असल्याने हे उत्तर पुष्कळदा खरेही असते, आणि खिडकीवरील कारकुनाशी भांडून काही साधत नाही. येथेच मंडळीच्या संघटनेचा खरा उपयोग आहे. पात्र कुटुंबांची यादी लोकांसमोर लावणे कायद्याने आवश्यक आहे. ती मागा, वहीशी ताडून पाहा, जागा रिकामी व्हावी म्हणून मृतांची आणि सधनांची नावे वगळण्याची मागणी वस्तीतील लोकांसह लेखी करा. दाद लागली नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. या कामाला वर्षही लागेल. तेवढा दम नसलेल्यांनी पहिल्याच प्रकारची कामे घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

वहीत कोणाचा धर्म लिहू नका आणि अर्जाच्या भेटीत उपासनेचे आमंत्रणही देऊ नका. अडलेल्या माणसाला तेव्हा नाही म्हणता येत नाही.

पंचांची भीती अगदीच अनाठायी नाही. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, 1988 नुसार संस्थेची जागा राजकीय कार्यासाठी वापरता येत नाही. रेशनचा अर्ज भरायला शिकवणे म्हणजे कोणत्या पक्षाचे काम नव्हे. तरी वस्तीत तुमचा राबता वाढला की उमेदवार तुम्हाला शोधत येतील, तेव्हा निवडणुकीच्या काळात सभागृहाची किल्ली कोणाकडे राहील, एवढे पंचांनी आधीच ठरवून ठेवावे.