मामांच्या जुन्या पेन्टॅक्स लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर लावायच्या आहेत. फोकल रिड्यूसर घ्यावा की साधा अडॅप्टर पुरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एरंडोलच्या मामांनी स्टुडिओ बंद केला, कपाटातून पेन्टॅक्सच्या तीन लेन्स निघाल्या (५० एमएम एफ/२, २८ एमएम एफ/२.८ आणि १३५ एमएम एफ/३.५), तुमच्याकडे सोनी ए६४०० आहे, घरचे कार्यक्रम आणि थोडा निसर्ग काढायचाय, आणि दुकानदार म्हणतो, "रिड्यूसर घ्या, लेन्स फुकटात फास्ट होते." फुकटात काही होत नाही. पण तो अगदी खोटंही बोलत नाही. (साधा अडॅप्टर म्हणजे एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसवणारी रिकामी नळी, रिड्यूसर म्हणजे त्याच नळीत काचा. फास्ट म्हणजे जास्त उजेड देणारी लेन्स; एफचा आकडा लहान, तेवढा उजेड जास्त.)

मी चोपड्याची. आप्पांचा पेन्टॅक्स के१००० आणि त्याची ५० माझ्याकडे आली तेव्हा मी ती सोनी ए६०००वर वापरत होते. साधा अडॅप्टर मागवला, लेन्स लावली आणि तोंड पाडून बसले. ज्या लेन्सवर आप्पांनी अख्खी लग्नं काढली, तिच्यात माझ्याच्याने नवरा-नवरी आणि करवली एका फ्रेममध्ये बसेनात. मागे सरकावं तर पाठीला भिंत. कारण साधं आहे: ही लेन्स ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेली, आणि आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून दीडपट लहान. लेन्स पूर्ण चित्र पाडते, सेन्सर त्याचा मधला तुकडा उचलतो. त्यामुळे ५० वागते ७५ सारखी आणि २८ वागते ४२ सारखी. मामांच्या २८ ला वाइड म्हणायची सोयच राहत नाही.

रिड्यूसर या दुखण्यावरचा उपाय आहे. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना? तेच तत्त्व. अडॅप्टरच्या नळीत चार-पाच काचांचा गट बसवलेला असतो. लेन्सने पाडलेलं सुमारे ४३ मिलिमीटर व्यासाचं चित्र तो ०.७१ पट करून ३१ मिलिमीटरमध्ये गोळा करतो. आपल्या सेन्सरचा कर्ण २८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास सगळं चित्र त्यावर मावतं. लेन्सने आत घेतलेला उजेड तेवढाच, पण पडायची जागा निम्मी, म्हणून तो दुप्पट दाट पडतो. एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) मिळतो तो इथून. तुमची ५० एफ/२ होते साधारण ३५ एमएम एफ/१.४, आणि सेन्सर दीडपट लहान धरला तरी कोन दिसतो ५३ चा, म्हणजे जवळजवळ मामांना दिसायचा तोच. २८ ची होते २० एमएम एफ/२, दिसते ३० सारखी.

पूर्वी हे का नव्हतं, असं मला एका लग्नात दुसऱ्या फोटोग्राफरने विचारलं होतं. दुर्बिणींत फार आधीपासून होतं. १९९५ च्या निकॉन ई२ या डिजिटल कॅमेऱ्यात तर लहान सेन्सरवर पूर्ण चित्र बसवायला अशा काचा बॉडीतच घातल्या होत्या, आणि कॅमेरा चांगलाच जाडजूड झाला होता. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा, तिथे काच ठेवायची कुठे? पेन्टॅक्सचा माउंट (लेन्स बसवायची कडी) फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असतो, सोनीचा सेन्सरपासून १८ वर. मिररलेसमध्ये आरसा गेल्यावर मधे सत्तावीस मिलिमीटरची रिकामी नळी उरली. तीच जागा वापरून मेटाबोन्सने २०१३ च्या जानेवारीत स्पीड बूस्टर आणला, काचांची रचना ब्रायन कॉल्डवेल यांची. मग मिताकॉनचा लेन्स टर्बो आला, इतरही आले, आणि किमती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या.

माझं मत विचाराल तर एक स्टॉपची जाहिरात जास्त होते. खरी कमाई कोनाची आहे. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. (खान्देशाबाहेरच्यांसाठी: नारळाला नथ-दागिने घालून देवी मांडायची, सगळे भाऊबंद एका घरी, रोटांचा नैवेद्य, आणि रात्रभर गाणी.) आमची पुढची खोली दहा बाय बारा. त्यात देवी, चौरंग, समया, वीस-बावीस बाया आणि मांडीवरची पोरं. पहिल्या वर्षी साध्या अडॅप्टरवर २८ लावली, दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभी राहिले, तरी एकदा देवी यायची नाहीतर गाणाऱ्या काकू. वरून आयएसओ (कमी उजेडात चित्र उजळवायचा आकडा, वाढवला की चित्र रवाळ होतं) ६४०० वर, नुसती रवाळ चित्रं. पुढच्या वर्षी तीच लेन्स रिड्यूसरवर होती. देवी, समया, काकू, कोपऱ्यात झोपलेला नातू, सगळं एका चौकटीत आलं, आणि आयएसओ ३२०० वर भागलं. काकूंना फरक कळला तो एवढाच की या वर्षी मी "जरा सरका" म्हटलं नाही.

५० चा फायदा मला डिसेंबरात कळतो. शेतात भरीत पार्टी असते, पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजली जातात, उजेड तेवढाच. तिथे एफ/२ आणि एफ/१.४ यांत शटर १/३० वरून १/६० वर जातं, आणि वांगं उलथणाऱ्याचा हात हललेला येत नाही.

१३५ मात्र रिड्यूसरवर लावू नका. लांबचं जवळ आणायला ती घ्यायची, आणि रिड्यूसर तिला मागे खेचतो. साध्या अडॅप्टरवर ती आयती २०० सारखी वागते. केळीच्या बागेतला वेडा राघू टिपायला मला तीच बरी वाटते.

आता दोष. दुकानदार हे सांगणार नाही.

मधोमध चित्र उलट जास्त कडक (धारदार) दिसतं, कारण लेन्सच्या चुकाही चित्राबरोबर आकसतात. त्याची भरपाई कोपऱ्यांत वसूल होते. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहायला गेले होते. ज्या माणसाने घरातल्या घरात, टेबलावरच्या वस्तू मांडून एवढं काम केलं, त्याचे फोटो पाहून निघाले आणि तासाभरात पाटणादेवीला झाडांच्या कोपऱ्यांवरून चिडचिड करत बसले! अ‍ॅपर्चरची (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी) रिंग एफ/२.८ वर होती. देवळाचा दगड सुरेख, पण कडेची पानं बाहेरच्या बाजूला फासल्यासारखी. एफ/८ वर बरीच सुधारली. निसर्ग काढायचा असेल तर खरं सांगते, कॅमेऱ्याबरोबर आलेली १६-५० लेन्स काढा आणि मोकळे व्हा.

दुसरा दोष निळा ठिपका. माझा पहिला रिड्यूसर अगदी स्वस्तातला होता, नाव घेत नाही. तापीवर मावळता सूर्य समोर घेऊन अ‍ॅपर्चर एफ/११ केलं की चित्राच्या मधोमध निळसर गोल उमटायचा. आधी वाटलं सेन्सर गेला. सेन्सरवर पडलेला उजेड उलटून रिड्यूसरच्या काचेवर आदळतो आणि परत येतो, त्याचा तो खेळ. कोटिंग चांगलं असेल तर कमी दिसतो. घेतल्या दिवशीच खिडकीसमोर धरून, रिंग बंद करत करत बघा. परत करायची मुदत संपल्यावर कळून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूवरचा फोकस. साधा अडॅप्टर केसभर आखूड असला तरी चालतं, फोकस खुणेच्या थोडा आधी लागतो एवढंच. रिड्यूसरच्या काचा जागेवरून जराशा हलल्या की लांबचं काहीच कडक येत नाही, नाहीतर कोपरे आणखी बिघडतात. आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो, तो माझा इन्फिनिटीचा तक्ता. पण ही तपासणी हिवाळ्यात सकाळी करायची. मे महिन्यात दुपारी बाराला केली तर तापलेल्या हवेच्या लाटांमुळे डोंगरच थरथरतो आणि तुम्ही चांगल्या अडॅप्टरला नावं ठेवाल. उन्हाळ्यात सरळ रात्री चंद्रावर तपासा. माझ्या आताच्या अडॅप्टरमध्ये बारीक स्क्रू सैल करून काचांचा गट फिरवता येतो. एकदा केसभर फिरवला, त्यानंतर हात लावलेला नाही.

पहिल्यांदा बसवताना लेन्स इन्फिनिटीवर ठेवा आणि हळूच फिरवा. इन्फिनिटीवर लेन्सची मागची काच सगळ्यात आत असते. काही लेन्सच्या मागे काच किंवा पत्रा बराच बाहेर आलेला असतो, तो रिड्यूसरला घासू शकतो. जरा अडलं की थांबा, जोर लावू नका.

कॅमेऱ्यात 'लेन्स नसताना शटर' हा पर्याय चालू करा, नाहीतर बटण दाबून काहीच होणार नाही. मोड ए. स्क्रीनवर अ‍ॅपर्चरचा आकडा येणार नाही, रिंगवर ५.६ असेल तर प्रत्यक्षात ४ समजा. फोकस पीकिंगच्या (स्क्रीनवर कडक भाग दाखवणाऱ्या) रंगीत रेघांवर पूर्ण भिस्त ठेवू नका, एफ/१.४ ला त्या नाक कडक असताना डोळा कडक असल्याचं सांगतात. चित्र मोठं करून पापणीवर फोकस करा. पुढे कधी बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय) असलेला कॅमेरा घेतलात तर त्यात ५० साठी ३५ भरायचं, ५० नाही. आणि फुल फ्रेम घ्यायचा विचार असेल तर हा खर्च करूच नका, तिथे या रिड्यूसरचं काही काम नाही.

मागवताना 'पीके' (पेन्टॅक्सचा के माउंट) ते सोनी ई असं बघून घ्या, पेट्यांवर बहुधा 'पीके-एनईएक्स' लिहिलेलं असतं. मामांकडे आट्यांची, फिरवून बसवायची एखादी लेन्स निघाली तर ती एम४२. तिला हा चालणार नाही.

तेव्हा घरचे कार्यक्रम हे मुख्य काम असेल तर रिड्यूसर घ्या, आणि १३५ साठी साधा अडॅप्टरही घ्या. तो रिड्यूसरच्या मानाने फारच स्वस्त असतो. पण त्याआधी लेन्स तपासा, विशेषतः २८, कारण माझ्या हिशेबात रिड्यूसरचे निम्मे पैसे तीच वसूल करून देणार आहे. अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च लावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. थोडी धूळ असली तर सोडून द्या. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा डाग आहे का तेही बघा. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत बंद कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन तिथे उतरतं आणि पाती चिकटतात. मी एक २८ न तपासता घेतली होती. जळगावच्या दुरुस्तीवाल्या काकांनी डोळ्याला लावली, दोन सेकंदांत खाली ठेवली आणि म्हणाले, "हाई काच गयी ताई." ती अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे.

टॉर्च लावून काय दिसलं ते इथेच लिहा, जमलं तर फोटोही टाका. २८ ठीक नसेल तर मी तुम्हाला वेगळं सांगेन.