चाळिशीत वाढणारे वजन आणि मंदावलेली चयापचय क्रिया

आपण विचारले आहे की, वय 43, जेवण पूर्वीइतकेच, तरीही पाच वर्षांत नऊ किलो वजन वाढले. तर चयापचय क्रिया (शरीर ऊर्जा खर्च करते तो वेग) मंदावली असेल का आणि थायरॉईडची गोळी सुरू करावी का. मी डॉक्टर नाही, परंतु चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन मी एका तज्ज्ञांकडे गेलो होतो, आणि त्यानंतर जे समजून घेतले व करून पाहिले त्यावरून हे लिहीत आहे.

थायरॉईडविषयी प्रथम सांगतो. टीएसएचची (थायरॉईडचे काम नीट चालते का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी अवश्य करावी, कारण थायरॉईड मंदावण्याचा विकार स्त्रियांमध्ये पुष्कळ आढळतो; मात्र थायरॉईड खरोखरच मंद असला तरी त्यामुळे वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि त्यातला बराचसा भाग शरीरात साठलेल्या मीठपाण्याचा असतो. तपासणी सामान्य आली असताना केवळ वजनासाठी ही गोळी घेणे धोक्याचे आहे, कारण त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे झिजतात.

चाळिशीत चयापचय क्रिया मंदावते, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. 2021 साली 29 देशांतील 6,400हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि स्नायू विचारात घेतले, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. बदलतात ते स्नायू, हालचाल आणि झोप. जेवण तेवढेच राहिले तरी जिने चढणे, पायी बाजारात जाणे, उठबस करणे हे सारे आपल्या नकळत कमी झालेले असते.

माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेले कारण म्हणजे इन्शुलिनला (रक्तातील साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला) पेशींनी दाद न देणे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते. स्नायू थोडे आणि निष्क्रिय असतील, यकृतात व पोटात चरबी साठलेली असेल, तर तेच काम करण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन सोडावे लागते. आणि इन्शुलिन सतत चढे राहिले की साठलेली चरबी सहजी बाहेर निघत नाही, उलट पोटाचा घेर वाढत जातो, ज्यामुळे पेशी आणखी दाद देईनाशा होतात. भारतीयांना हे विशेष लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या, जेमतेम पावणेतीन किलोच्या बाळांमध्येही स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून, असेच चित्र त्यांच्या पथकाला दिसले. म्हणून आपल्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर अधिक खरे सांगतो.

माझा घेर तेव्हा 98 सेंटिमीटर होता आणि एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 6.0, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याआधी मी महिनाभर जवळजवळ उपाशी राहून सहा किलो घटवले होते आणि ते सर्व चार महिन्यांत परत आले होते. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही जातात आणि शरीर आपला खर्च आखडता घेते, म्हणून कृपा करून तो मार्ग धरू नका. मला उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा: दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालणे (आपल्या आजी-आजोबांची शतपावली ही खरोखर शहाणपणाची सवय होती, कारण चालणारे स्नायू फारशा इन्शुलिनविनाही साखर उचलतात), आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम, ताटात भात-पोळी निम्मी करून मोड आलेल्या मटकीची उसळ, डाळ, दही किंवा अंडी वाढवणे, आणि सात तास झोप. चौदा महिन्यांत सात किलो कमी झाले. घेर 89 वर आला आणि एचबीएवनसी 5.6 वर.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडातून होणारा बीजकोषांचा विकार) किंवा रजोनिवृत्तीपूर्वीचा काळ, यांपैकी काय आहे ते पाहावे लागेल. स्टेरॉइड, काही मानसोपचाराची आणि मधुमेहाची औषधे यांनीही वजन वाढते. ती चालू असतील तर स्वतःहून बंद न करता पर्याय विचारावा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लिपिड (रक्तातील चरबी) आणि टीएसएच या तपासण्या पुरेशा आहेत. जाण्यापूर्वी घेर घरीच मोजून ठेवा: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरावी, श्वास सोडल्यावर आकडा पाहावा. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.